बुरशीची सुंदर नावं

पेशंट बरा झाला की पेढे सर्जनला जातात. शाल-हार फिजिशियनला. निघताना सिस्टरला कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून "येतो हं" म्हणतं. सीटी स्कॅनच्या खोलीकडे मात्र कुणी फिरकत नाही. आमची खोली तळमजल्यावर, कॅन्टीनच्या मागे. एसी एवढा गार की उन्हाळ्यातसुद्धा मी शाल गुंडाळून बसते. पेशंट आम्हाला भेटतो तो थोडा वेळ, तोही आडवा. पुढं त्याचं काय झालं हे कधी कॉरिडॉरमध्ये कळतं, कधी कॉफी पिताना, कधी पुढच्या सीटीत. म्हणून आमच्याकडे पेढे साठत नाहीत, किस्से साठतात. आणि खरं सांगायचं तर त्यातले हसायचे फार थोडे.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याला हूटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आले, विजयनगरात घर केलं आणि इथल्या एका हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट झाले. आमची टोळी चौघांची. मी, आमचे टेक्निशियन यशवंतराव, छातीचे डॉक्टर नागराज सर आणि रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टर शैलजा. आम्हाला एकत्र आणलं ते फुप्फुसातल्या बुरशीनं!

धडधाकट माणसाला ही बुरशी काही करत नाही. ती हवेत असतेच, तुम्ही-आम्ही रोज श्वासातून आत घेतो आणि आपलं शरीर तिला निपटून टाकतं. पण केमोनं, स्टिरॉइडनं किंवा बेफाम वाढलेल्या साखरेनं ज्याची ताकद गेलीय, त्याच्या फुप्फुसात ती ठाण मांडते. रक्तवाहिन्यांत शिरते. साध्या एक्स-रेत कळत नाही, सीटीत कळतं. म्हणून नागराज सर रोज दुपारी कॉफीचा फ्लास्क घेऊन आमच्याकडे यायचे, मागोमाग शैलजा यायची आणि आम्ही चौघं पडद्याकडे बघत बसायचो.

*

यशवंतराव म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. माझ्या पहिल्याच दिवशी मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की बस्स!

"मॅडम, आमचे पणजोबांचे पणजोबा घोड्यावर बसून आले इथं," ते म्हणाले. "मत्ते परत जायचंच विसरले!"

त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. 'मी पेशंटला झोपवलो' म्हणतात, 'मग'ला 'मत्ते' आणि 'उगाच'ला 'सुम्ने' म्हणतात. माझी मुलगी घरी हुबेहूब नक्कल करते.

एकदा आम्ही नव्या विद्यार्थ्यांना बुरशीच्या खुणा शिकवत होतो. फुप्फुसात एक गाठ आणि तिच्याभोवती धुरकट कडं, म्हणजे झिरपलेलं रक्त, ती हेलो साइन. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तशी. कडं घट्ट आणि मधला भाग धुरकट असेल तर रिव्हर्स हेलो. गाठीच्या एका बाजूला हवेची फट पडली तर एअर क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोर. बारीक श्वासनलिकांच्या टोकाशी ठिपके दिसले तर ट्री इन बड, कळ्या आलेली फांदी.

यशवंतराव मागं उभे राहून ऐकत होते. विद्यार्थी गेल्यावर मशीन पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, बुरशीला एवढी सुंदर सुंदर नावं. आणि पेशंटला? बेड नंबर!"

नागराज सर हसले नाहीत. त्या दिवसापासून ते आमच्या खोलीत पेशंटचं नाव घेतल्याशिवाय बोलायचे नाहीत.

*

मग नावानंच सांगते. पुट्टस्वामी. म्हैसूरजवळच्या वरुणा गावाकडचा माणूस, चार गाई, दुधाचा धंदा, गळ्यात टॉवेल. साखर कायम चढलेली, खोकला बरेच दिवसांचा. सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात अगदी पुस्तकात असावी तशी रिव्हर्स हेलो. साखरेच्या पेशंटला असं दिसलं की आम्ही लगेच फोन उचलतो, कारण ती बुरशी थांबत नाही. औषधही लागतं आणि खराब झालेला भाग कापून काढावाही लागतो.

नागराज सरांनी त्याला आमच्याच खोलीत खुर्चीवर बसवलं आणि कन्नडमध्ये सगळं समजावलं. आजपासून सलाइनमधून औषध, लगेच ऑपरेशन. पुट्टस्वामीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"करू या की," तो म्हणाला. "पण माझी गौरी व्यायला झालीय, सर. पहिलटकरीण आहे. वासरू आडवं असलं तर घरात कुणाला हात घालता येत नाही. तेवढं करून येतो."

"पुट्टस्वामी, गाईसाठी डॉक्टर मिळेल!"

"ती माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही, सर."

सर रागावले. मग हात जोडले. त्याचा धाकटा भाऊ बरोबर होता, त्यालाही समजावलं. काही उपयोग झाला नाही. एका संध्याकाळी तो सलाइन काढायला लावून, सही करून निघून गेला. जाताना आमच्या दारात डोकावला आणि यशवंतरावांना म्हणाला, "गिन्नु आणतो तुम्हाला." गिन्नु म्हणजे खरवस.

तो परत आला तो रक्ताच्या उलट्या करतच. सीटीच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचला नाही.

काही दिवसांनी भाऊ आला. हातात स्टीलचा डबा. "कालवड झाली," म्हणाला. "दोघी चांगल्या आहेत. अण्णा ॲम्ब्युलन्समध्ये म्हणत होता, फोटोवाल्यांना कबूल केलंय, विसरू नको."

आमच्या खोलीत आलेली ती पहिली गोड वस्तू. आम्ही चौघांनी उभ्यानंच खाल्ली.

*

जरा हलका सांगते. विजयनगरातल्या एक मामी. नवरा बरीच वर्षं सांध्यांच्या दुखण्यासाठी स्टिरॉइडवर, त्यात ताप. सीटीत छोट्या छोट्या गाठी. शैलजा आणि सर दोघांचं मत एकच. सरांनी मामींना सांगितलं, "फुप्फुसात बुरशी झालीय."

मामी ताडकन उभ्या राहिल्या. "बुरशी? आमच्या घरात? अहो, लोणच्याला लागू दिली नाही मी आजपर्यंत!"

सरांनी परोपरीनं सांगितलं की ही घरातल्या स्वच्छतेची गोष्ट नाही, हवेतली आहे. मामींना ते पटलं नाही. त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "तुम्ही आपल्याकडच्या. रिपोर्टात बुरशीच्या जागी दुसरं काही घाला ना. न्यूमोनिया चालेल."

मामा बरे झाले. औषध लागू पडलं, गाठी विरल्या. पण मामींनी घरात काय केलं माहीत आहे? कुंड्या बाहेर. गाद्या बाहेर. आणि सासूबाईंच्या वेळच्या चिनी मातीच्या बरण्या, लोणच्यासकट, बाहेर!

पुढच्या तपासणीला मामा आले तेव्हा मी म्हटलं, "मामा, फुप्फुस स्वच्छ झालं."

"हो ना," ते म्हणाले. "घरही स्वच्छ झालं. माझ्या आईच्या हातचं शेवटचं लिंबाचं लोणचं होतं ते. ती जाऊन किती वर्षं झाली... मी रोज जराशी फोड चाखायचो. आता बोटं चाटतो ती नुसती फिनेलच्या वासाची."

हसले तेही. मीही हसले. मग मामा निघायच्या आधी चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

*

सौम्या. तिचं नाव घेतलं की शैलजा अजून विषय बदलते.

सौम्याला रक्ताचा कॅन्सर होता, बरा होण्यातला. हूटगळ्ळीला तिचं घर बांधायचं काम चालू होतं. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तोंडाला मास्क लावून ती बांधकाम बघायला जायची. शैलजानं सक्त मना केलं तरी एकदा गेलीच. कारण काय, तर स्वयंपाकघरातला ओटा! ती बुटकी. आयुष्यभर लोकांच्या उंचीच्या ओट्यांवर टाचा उंचावून पोळ्या लाटल्या, आता माझा ओटा माझ्या उंचीचा हवा, म्हणायची. गवंडी ऐकत नाही, म्हणून स्वतः उभी राहून खूण करून आली.

ती धूळ लागली की हॉस्पिटलातच लागली, देव जाणे. पुढच्या केमोनंतर पांढऱ्या पेशी शून्याला टेकल्या आणि ताप आला. शैलजानं त्याच दिवशी सीटी केला. डाव्या फुप्फुसात एक छोटी गाठ, भोवती धुरकट कडं. हेलो साइन! ही खूण फार लवकर दिसते आणि लवकर पुसली जाते. वेळेवर सापडणं म्हणजे नशीब. शैलजानं तिथंच उभं राहून वॉर्डात फोन केला, औषध चालू झालं. आम्ही सगळे खूश होतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सीटी. गाठ मोठी झालेली.

आता गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की हे असंच होतं. औषध लागू पडत असलं तरी गाठ आधी वाढते, मग आकसते. शैलजानं घरच्यांना चित्रं दाखवून समजावलं. मी समजावलं. नागराज सर आले. पण सौम्याच्या सासऱ्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले आणि बोट दाखवलं. "हा छोटा. हा मोठा. तुमचं औषध चालू असताना मोठा. मला शिकवू नका."

ते तिला दुसऱ्या शहरात घेऊन गेले. जाणं, बेड मिळणं, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, यात मधले दिवस औषधाविना गेले.

बऱ्याच महिन्यांनी सौम्याच्या भावाचा शैलजाला फोन आला. ती आमच्याच खोलीत होती, तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आधी वाढतं म्हणाले."

"सौम्या?" शैलजानं विचारलं.

 तो म्हणाला, "घर पूर्ण झालं, मॅडम. आई येऊन राहिलीय भावजींकडे, तिच्या मुलाला बघायला. ओटा फार बुटका झालाय. आईला कमरेत वाकून स्वयंपाक करावा लागतो. गवंडी म्हणाला, उंच करून देतो. पण तिच्या सासऱ्यांनी त्याला हाकलून दिलं. म्हणाले, ओट्याला हात लावायचा नाही."

*

लोकांना वाटतं, पडद्यावर वाईट दिसलं म्हणजे वाईटच. नेहमी तसं नसतं. त्याचा हा किस्सा.

श्रीकंठय्या नावाचे निवृत्त बस कंडक्टर. त्यांनाही रक्ताचा कॅन्सर आणि फुप्फुसात बुरशीची गाठ. बरेच दिवस काठावर होते. मग एका सकाळी त्यांचा सीटी लागला आणि मी खुर्चीतून उठलेच! गाठीच्या कडेला स्वच्छ, काळी चंद्रकोर. एअर क्रेसेंट! ही कोर दिसते ती पांढऱ्या पेशी परत आल्यावर. या पेशी बुरशीनं मारलेला भाग कुरतडून वेगळा करतात, म्हणून फट पडते. म्हणजे माणूस परत लढायला लागला!

मी फोनवर ओरडले, "शैलजा, चंद्रकोर उगवली!" यशवंतरावांनी टाळी वाजवली. आम्ही दोघं हसत होतो आणि दार अर्धवट उघडं होतं.

दारात श्रीकंठय्यांची मुलगी. ती पडद्याकडे बघत होती. तिला दिसलं ते वडिलांच्या फुप्फुसात पडलेलं भोक.

"माझ्या बापाच्या छातीला भोक पडलंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

मी धावत गेले, तिचा हात धरला, सगळं सांगितलं. तिनं हात सोडवून घेतला.

श्रीकंठय्या बरे झाले. आजही आमच्या विजयनगरच्या भाजी बाजारात ते दोघं भेटतात. ते स्कूटरच्या मागच्या सीटवरून माझ्याकडे बघून हात हलवतात, जुन्या सवयीनं शिट्टीसुद्धा मारतात. मुलगी पुढं बघून स्कूटर चालवत राहते. एकदा मी मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहून कोथिंबीर घेत होते. म्हटलं, "अप्पा कसे आहेत?" तिनं पेंडी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा. तुम्हाला आतलं दिसतं."

*

रंगप्पा पैलवान. म्हैसूरच्या तालमीतला जुना गडी. कान मोडलेले, वय झालेलं. तरुणपणी टीबी होऊन बरा झाला होता आणि फुप्फुसात एक पोकळी राहिली होती. अधूनमधून खोकल्यातून रक्त पडायचं. त्याची तक्रार मात्र रक्ताची नव्हती.

"आत काहीतरी हलतं, मॅडम. कुशीवर वळलो की ते पण वळतं."

बरोबर मुलगा होता, त्यानं माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. "वर्षानुवर्षं हेच चाललंय यांचं."

आम्ही पाठीवर झोपवून सीटी केला. पोकळीच्या तळाशी एक गोल गोळा. यशवंतरावांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी रंगप्पाला पालथं झोपवलं, पुन्हा फोटो काढले. गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला! जुन्या पोकळीत बुरशी वाढून असा मोकळा गोळा होतो, त्याला फंगस बॉल म्हणतात. ही बुरशी बाकीच्यांसारखी घुसखोर नसते, नुसती भाडेकरू म्हणून राहते, पण रक्त पाडते.

मी रंगप्पाला आत बोलावलं आणि दोन्ही फोटो दाखवले. "हे बघा. तुम्ही बरोबर सांगत होता. हलतं ते."

तो पडद्याच्या अगदी जवळ गेला. गोळ्याला बोट लावून बघितलं. मुलगा खाली बघत होता.

"हे माझ्या बायकोला दाखवा," रंगप्पा म्हणाला.

"दाखवू की," यशवंतराव उत्साहानं दाराकडे निघाले. "बाहेर बसल्यात का? बोलवतो."

"गेली ती," रंगप्पा म्हणाला. "गेल्या श्रावणात. शेवटपर्यंत म्हणत होती, तुमचा भ्रम आहे हो, सोडून द्या."

*

नागराज सरांचं एक वाक्य आमच्या हॉस्पिटलात प्रसिद्ध आहे. कुणी डॉक्टर फोन करून म्हणाला, "सर, माझ्या आत्याला ताप आहे, खोकला आहे, फोनवरच काहीतरी सांगा ना," की सर म्हणतात, "माझी बहीण असती तर फोनवर सांगितलं असतं. तुमची आत्या आहे, घेऊन या."

सगळे हसतात. पोरं नक्कल करतात. गेल्या गॅदरिंगला तर एकानं स्टेजवर करून दाखवलं, सर पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सरांच्या मोठ्या बहिणीचं नाव लक्ष्मी. नंजनगूडला राहायच्या. साखरेचा आजार. संध्याकाळी ताप, खोकला, वजन उतरतंय. आपल्या देशात असं ऐकलं की कुणालाही आधी टीबी आठवतो. सरांनी फोनवरच टीबीच्या गोळ्या चालू केल्या. "ये ग एकदा इकडे," म्हणत राहिले आणि त्या "येते रे, तुझी ओपीडी संपू दे" म्हणत राहिल्या. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा शेवटी भाचा त्यांना गाडीत घालून घेऊन आला.

त्या दिवशी सर कॉफीचा फ्लास्क घेऊन आले आणि नेहमीसारखे माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर चित्रं सरकत होती. दोन्ही फुप्फुसांत रिव्हर्स हेलो. मी तोंड उघडलं.

"बोलू नकोस," ते म्हणाले.

यशवंतरावांनी लक्ष्मी अक्कांना टेबलावरून उठवलं, हात धरून बाहेर आणलं. भावाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "नागू, तुझी खोली इथं खाली आहे होय? किती गार आहे रे!"

सरांनी माझ्या खुर्चीवरची शाल उचलली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. ती शाल मी परत मागितली नाही.

*

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

गोपाळराव म्हणून एक गृहस्थ होते. जुन्या रंगाऱ्यांच्या मराठी घरातले. आजोबा लुगडी रंगवायचे, हे टी-शर्टवर, पिशव्यांवर छपाई करायचे. लग्नात वाटायच्या पिशव्या, शाळेच्या स्पोर्ट्स डेचे टी-शर्ट, असलं सगळं. नखांत कायम कसला तरी रंग. किडनी बदललेली होती, त्याच्या औषधांमुळे ताकद कमी. त्यात फुप्फुसात बुरशी शिरली. बरेचदा आमच्याकडे येऊन गेले. दर वेळी यशवंतरावांशी मराठीत गप्पा, म्हणजे त्या दोघांच्या मराठीत. एकदा यशवंतराव त्यांना म्हणाले, "तुम्ही लई शहाणे पेशंट, स्वल्पसुद्धा हलत नाही." सर आणि शैलजा दोघांनीही जीव लावला, औषधं बदलली, काही दिवस बरं वाटलंही. मग नाही वाटलं.

ते गेल्यानंतर एका दुपारी त्यांची बायको आली. सुशीलाबाई. आम्ही चौघंही खोलीत होतो. यशवंतरावांनी ओळखलं, खुर्ची दिली.

"मॅडम, ह्यांचे फोटो तुमच्याकडं असतात म्हणे, मशीनमध्ये," त्या म्हणाल्या. "एकदा बघू काय?"

मी नागराज सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी शेवटचा सीटी लावला आणि हळूहळू सरकवला. हे हृदय. हा पाठीचा कणा. ही फुप्फुसं. बुरशीच्या जागी मी थांबले नाही. पण त्यांनी थांबवलं.

"हे पांढरं, तेच ना?"

"हो."

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लई मोठं असेल."

शैलजा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खिडकीच्या पलीकडे नुसतं मशीन होतं.

सुशीलाबाई बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "ह्यात श्वास चाललाय काय त्यांचा?"

"नाही," मी म्हटलं. "श्वास चालू असला की फोटो हलतो. म्हणून आम्ही आधी सांगतो, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा. तेवढ्यात फोटो निघतात."

"म्हणजे ह्यात धरलाय त्यांनी."

"हो. चांगला धरलाय. बघा ना, किती स्पष्ट आलंय."

त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि वळून यशवंतरावांकडे बघितलं.

"अण्णा, तुम्हीच सांगत होता ना त्यांना? धरा म्हणून?"

"हौदु अक्का, हो. मीच सांगतो माइकमध्ये."

"मग नंतर सोडायला सांगितला ना?"

यशवंतराव त्यांच्या खुर्चीशी आले. "सांगितलो, अक्का. सोडा म्हणून सांगितलो."

"मग बरं," सुशीलाबाई उठल्या आणि पिशवी खांद्याला लावली. "नाहीतर सांगितल्याशिवाय सोडायचे नाहीत ते."